किड्याचं बारसं



पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्यावर कोण येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. घर बेंगळुरूत असो, इंदूरला असो की गुवाहाटीला, हा पाहुणा ठरलेला. ट्यूबलाइटला टक्कन धडकतो, खाली उताणा पडतो, पाय झाडत राहतो. मग कोणीतरी झाडू घेऊन येतं. तपकिरी, गोलसर, वाटाण्याएवढा. आपण त्याला 'किडा' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

पण घरातल्या एखाद्या चिमुरडीनं विचारलं, "आजोबा, याचं नाव काय?" तर? आजोबांना उत्तर आलं नाही, तर त्यांनी मुळीच ओशाळू नये. कदाचित त्या किड्याचं नाव अजून कोणी ठेवलेलंच नसेल!

ही अतिशयोक्ती नाही. २०२५ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि जर्मनीतल्या बॉन शहराचं संग्रहालय इथल्या अभ्यासकांनी ईशान्य भारतातल्या अशाच भुंगेऱ्यांच्या पाच नव्या जाती जगासमोर मांडल्या. त्यांतल्या काहींची नावं ऐका : मालाडेरा चंफायेन्सिस, निओसेरिका चुराचांदपुरेन्सिस, सेरिका सुबनसिरिएन्सिस. उच्चारताना जीभ अडखळली, तरी नीट पाहिलंत तर त्यात मिझोरमचं चंफाई सापडेल, मणिपूरचं चुराचांदपूर सापडेल आणि अरुणाचलची सुबनसिरीही. शेवटच्या 'एन्सिस'चा अर्थ 'तिथला'. कोल्हापूरचा तो कोल्हापुरे, तसंच.

अशी बातमी वाचली की डोळ्यांसमोर घनदाट जंगल येतं आणि "सापडला!" असं ओरडणारा शास्त्रज्ञ येतो. प्रत्यक्षात नव्या जातीचा शोध बहुतेक वेळा टेबलापाशी बसून लागतो. आज आपण त्या टेबलापाशी जाऊ आणि एका किड्याचं बारसं कसं होतं ते पाहू.

आधी कुळाची ओळख

हे सगळे स्कॅरॅब कुळातले भुंगेरे. जगभरात या कुळाच्या सुमारे तीस हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. तुमच्या ओळखीचेही काही आहेत. शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा याच कुळातला. नारळाचा कोंब पोखरणारा, नाकावर शिंग असलेला गेंड्या भुंगाही यातलाच. आणि शेतकऱ्याला रडवणारी, उसाची मुळं खाणारी हुमणी म्हणजे याच कुळातल्या काही भुंगेऱ्यांची अळी. प्राचीन इजिप्तमध्ये लोक ज्याचे ताईत करून गळ्यात घालत, तो पवित्र भुंगाही हाच.

कुळाची खूण सोपी आहे. मिशीचं टोक भिंगातून पाहा. तिथे बारीक पाकळ्या असतात, वहीच्या पानांसारख्या एकावर एक मिटलेल्या. वास घ्यायचा असला की भुंगेरा त्या पंख्यासारख्या उघडतो. पुढचे पाय दातेरी असतात, माती उकरायला. अळी मऊ, पांढरट आणि 'सी' अक्षरासारखी वळलेली.

इतकं जमलं की किड्याचं कुळ कळलं. खरी कसोटी त्याच्या पुढे आहे.

'नवी' म्हणजे कोणासाठी?

नवी जात म्हणजे काल जन्माला आलेली जात नव्हे. ती तिथे लाखो वर्षं राहत असेल. गावातल्या लोकांनी ती रोज पाहिली असेल, तिला स्वतःचं नावही दिलं असेल. 'नवी' याचा अर्थ इतकाच की, विज्ञानाच्या खातेवहीत तिची नोंद अजून झालेली नाही.

मग गावाचं नाव पुरत नाही का? आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. आपण जिला हुमणी म्हणतो, तिला कन्नडमध्ये गोण्णे हुळु म्हणतात, गुजरातीत मुंडा आणि हिंदीत सफेद लट. एकाच अळीची चार नावं झाली, असं वाटेल. गंमत पुढे आहे. राजस्थान-गुजरातच्या भुईमुगातली लट प्रामुख्यानं एका जातीची आहे. महाराष्ट्राच्या उसात दोन वेगळ्या जाती त्रास देतात, एक माळावरची आणि एक नदीकाठची. म्हणजे नावं अनेक, जातीही अनेक, आणि कोणतं नाव नेमकं कोणत्या जातीचं, याचा मेळ नाही. तो मेळ घालण्यासाठी जगभर एकच असं नाव लागतं. शास्त्रीय नावाचं काम तेवढंच, पण ते दुसऱ्या कशानं होत नाही.

टाचणी आणि चिठ्ठी

कामाची सुरुवात रात्री होते. पांढरा पडदा, त्यावर दिवा आणि तासन्‌तास वाट. काही भुंगेरे शेणात शोधावे लागतात, काही झाडाच्या पानांवर, काही सडक्या लाकडात. पकडलेला नमुना कोरडा करतात. मोठा भुंगेरा असेल तर उजव्या कडक पंखातून टाचणी घालतात. जगभर उजव्याच, म्हणजे डावा पंख अखंड राहतो. फारच लहान असेल तर कागदाच्या टोकदार तुकड्यावर गोंदानं चिकटवतात.

मग टाचणीला चिठ्ठी लावतात. नखाएवढ्या कागदावर गावाचं नाव, उंची, तारीख, कसा सापडला, कोणी गोळा केला. ही चिठ्ठी म्हणजे नमुन्याचा जीव. चिठ्ठी हरवली की सुंदर भुंगेराही अभ्यासाच्या दृष्टीनं शोभेची वस्तू होतो. कुठला, कधीचा, हेच कळत नसेल तर त्याच्याविषयी काय लिहिणार?

त्यानंतर नमुना पेटीत जातो. पेट्या कपाटात जातात. आणि बहुतेक वेळा तिथेच राहतात.

जुने उतारे तपासताना

आता समजा, एखाद्या अभ्यासकानं ती पेटी उघडली. समोर दोनशे तपकिरी भुंगेरे, सगळे सारखे दिसणारे. यातला एखादा नवा आहे असं म्हणायचं तर आधी सिद्ध काय करावं लागेल? तो जुना नाही, हे!

जमीन घेताना आपण काय करतो? सातबारा पाहतो, जुने फेरफार काढतो, पूर्वी कोणाच्या नावावर होती ते तपासतो. इथेही तेच. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसनं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावं दिली. प्राण्यांच्या नावांचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. तेव्हापासून आजवर जगात कोणीही, कोणत्याही भाषेत, त्या गटातली जी जात नोंदली असेल, ती पाहावी लागते. लॅटिनमध्ये लिहिलेल्या दोन ओळी असोत की जुन्या जर्मनमधला शंभर पानांचा लेख.

भारताच्या बाबतीत एक मोठा आधार आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या गिल्बर्ट ॲरो यांनी भारतातल्या या कुळावर जाडजूड खंड लिहिले. १९१० साली पहिला, १९१७ साली दुसरा, १९३१ साली शेणकिड्यांचा तिसरा. आजही अभ्यासक ते उघडतात. पण त्यांत एक मोठी फट राहिली. दिव्यावर येणाऱ्या आपल्या तपकिरी पाहुण्यांचा आणि हुमणीच्या भुंगेऱ्यांचा उपगट त्या खंडांत आलाच नाही. रंगीत, शिंगवाले, चमकदार भुंगेरे पुस्तकात गेले. साधे, मातीच्या रंगाचे मागे राहिले. ईशान्येतून नव्या जाती अजूनही निघतात, त्याचं एक कारण हे आहे.

पुस्तकातलं वर्णन पुरलं नाही तर मूळ नमुना पाहावा लागतो. भारतात गोळा केलेले कितीतरी जुने नमुने लंडन, पॅरिस, बर्लिनच्या संग्रहालयांत आहेत. तिथे जा, नाहीतर छायाचित्रं मागवा. महिने सहज जातात.

खूण दडलेली असते

बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन भुंगेरे वेगळ्या जातींचे आहेत, हे कसं ठरवायचं? मिशीच्या पाकळ्या किती, कपाळाची कड कशी, पायावर काटे किती, पंखावरचे बारीक खड्डे कसे, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पण या तपकिरी गटात ते पुरत नाही. खरी खूण नराच्या पोटात असते.

नराचा प्रजनन अवयव कडक कवचाचा असतो आणि त्याचा आकार प्रत्येक जातीत निराळा असतो. एखाद्याचा सरळ चिमट्यासारखा, एखाद्याचा एका बाजूला वळलेला, एखाद्याला आकडा. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करून, बारीक चिमट्यानं तो अवयव बाहेर काढतात, साफ करतात, त्याचं चित्र काढतात आणि परत त्याच टाचणीला जोडून ठेवतात. सगळा अवयव काही मिलिमीटरचा. हात थरथरला की गेला! म्हणूनच फक्त मादी सापडली असेल, तर या गटाचे अभ्यासक बहुधा थांबणं पसंत करतात.

लाल चिठ्ठीचा मान

इतकं करून खात्री पटली की लेख लिहायचा. त्याची ठरलेली घडण असते. जवळच्या जातींपासून हा कुठे वेगळा, ते थोडक्यात. मग डोक्यापासून पायापर्यंत सविस्तर वर्णन. लांबी-रुंदी, रंग, केस, खड्डे. कुठे सापडला. नाव असं का ठेवलं. सोबत छायाचित्रं, चित्रं आणि पुढच्या माणसाला ओळखायला सोपं जावं म्हणून प्रश्नोत्तरांसारखी किल्ली : पाय असा असेल तर इकडे जा, तसा असेल तर तिकडे.

आणि एक गोष्ट अनिवार्य. सगळ्या नमुन्यांतून एकच निवडायचा आणि जाहीर करायचं, की हे नाव याचं. त्याला नामधारक नमुना म्हणू. प्रथेप्रमाणे त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लागते. उद्या कोणी शंका काढली, की तुमची ही जात खरंच वेगळी आहे का, तर जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला तोच किडा पुन्हा पाहता आला पाहिजे. नव्या जातीचं वर्णन म्हणजे "मी म्हणतो म्हणून" असं विधान नव्हे. "या, पेटी उघडा आणि माझी चूक दाखवा" असं ते आमंत्रण असतं. अशा चुका निघतातही, आणि मग दोन जातींची एक होते किंवा एकीच्या तीन.

आपल्या देशात याला कायद्याचीही जोड आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती सरकारनं नेमलेल्या संग्रहाला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. लाल चिठ्ठ्यांसाठी पूर्वी लंडनला जावं लागायचं, आताच्या नव्या जातींसाठी कोलकात्याला.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. शास्त्रज्ञांना दोन्ही जमतं!

शास्त्रीय नावात पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःचा. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं, तसंच. नावापुढे ज्यानं वर्णन केलं त्याचं नाव आणि साल. आपल्या गेंड्या भुंग्याचं पूर्ण नाव पाहा : ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस (लिनियस, १७५८). लिनियसभोवती कंस का? कारण लिनियसनं त्याला वेगळं आडनाव दिलं होतं, स्कॅरॅबियस. पुढे अभ्यासकांनी त्याचं घराणं बदललं. कंस म्हणजे 'हा दत्तक गेलेला आहे' अशी खूण. पुढच्या वेळी असा कंस दिसला तर घरातल्यांना सांगून भाव खा.

नाव काय ठेवायचं याला बरीच मोकळीक आहे. गाव, नदी, डोंगर, गुरू, रंग, आकार, काहीही. स्वतःचंच नाव देणं मात्र वाईट दिसतं, कोणी देत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संग्रहालयातले ब्रेट रॅटक्लिफ हे या कुळाचे जाणकार. 'सायक्लोसेफाला' या भुंगेऱ्यांच्या प्रचंड मोठ्या गटात आणखी एक नवी जात निघाली, तेव्हा १९९२ साली त्यांनी तिचं नाव ठेवलं 'नोडनदरवन'. भरभर म्हणून पाहा. 'नॉट अनदर वन', म्हणजे 'आता आणखी एक नको'! त्याच रॅटक्लिफ यांनी २०१८ साली दक्षिण अमेरिकेतल्या तीन भुंगेऱ्यांना 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या तीन ड्रॅगनांची नावं दिली : ड्रोगोनी, रेगाली आणि व्हिसेरिओनी. एरवी ज्यांनी भुंगेऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, ते लोकही त्या दिवशी बातमी वाचत होते.

बरं, पण उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर शेतात आहे.

माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. गाव एकत्र आलं, झाडं हलवली, भुंगेरे गोळा करून मारले, की पुढची अंडीच टळतात. पण भुंगेरे कधी निघतात, कोणत्या झाडावर येतात, अळी जमिनीत किती महिने राहते, हे जातीगणिक बदलतं. एका जातीचा उपाय दुसरीवर चालवला तर कष्ट आणि पैसा दोन्ही मातीत. हुमणी आली, इतकं पुरत नाही. कोणती आली, हे कळावं लागतं.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथे गाई मूळच्या नव्हेत. १७८८ साली युरोपीय लोकांबरोबर त्या गेल्या. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या सुक्या लेंड्यांची सवय. गाईचं ओलं शेण तसंच पडून राहायचं, कुरण त्याखाली गुदमरायचं आणि त्यात माशांची पैदास व्हायची. जॉर्ज बोर्नेमिसा या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञानं सुचवलं, की जिथे गुरं आणि शेणकिडे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आहेत, तिथून शेणकिडे आणा. १९६५ पासूनच्या दोन दशकांत मुख्यतः आफ्रिकेतून निवडक जाती नेल्या. ४३ जाती सोडल्या, त्यांतल्या २३ रुजल्या. कोणती जात कोणत्या हवेत राहते, कोणतं शेण खाते, दिवसा काम करते की रात्री, हे ठाऊक असल्याशिवाय अशी निवड करता आली असती का? आणि जातीला नावच नसेल, तर तिच्याविषयीची माहिती कोणत्या खात्यावर लिहिणार?

बारशाला उशीर

आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. एखाद्या जातीचा पहिला नमुना गोळा होतो, तिथपासून तिचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी किती काळ जातो? फ्रान्समधल्या अभ्यासकांनी २०१२ साली हिशेब मांडला. उत्तर आलं २१ वर्षं.

काहींच्या नशिबी तर फारच मोठी वाट. चार्ल्स डार्विननं १८३२ साली अर्जेंटिनात एक भुंगेरा पकडला होता. तो दुसऱ्या कुळातला, पण त्याची कहाणी इथे सांगण्यासारखी आहे. तो पेटीत पडून राहिला आणि २०१४ साली त्याला नाव मिळालं. १८२ वर्षांनी!

उशीर होतो कारण किडे अफाट आणि माणसं मोजकी. हे काम शिकायला वर्षं लागतात. त्यात झटपट प्रसिद्धी नाही, मोठ्या पगाराच्या जागा नाहीत. एकेका गटाचे जाणकार जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांतला एक निवृत्त झाला आणि मागे शिष्य नसेल, तर त्या गटाच्या पेट्या पुन्हा बंद होतात.

इकडे पेट्या थांबू शकतात. जंगल थांबत नाही. डोंगराच्या एका उतारावरच राहणारी जात, तो उतार रस्त्यासाठी कापला गेला की संपते. नाव असेल तर निदान कोणी म्हणू शकतं, "इथे अमुक राहतो, जरा जपून." धोक्यातल्या जातींच्या याद्या नावांनी भरतात. ज्याला नाव नाही, त्याला यादीत जागा मिळणं कठीण. तो गेला तरी गेल्याची नोंद होत नाही.

तुमच्या हातातला फोन

तुम्ही हे फोनवर वाचत आहात, म्हणजे एक उपयोगाचं साधन तुमच्या हातात आहेच. पुढच्या वेळी दिव्याखाली भुंगेरा दिसला की झाडू आणण्याआधी तीन फोटो काढा. एक वरून, एक बाजूनं, एक तोंडाचा आणि मिशांचा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंत तर आकार कळेल. मग 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' किंवा 'आयनॅचरलिस्ट'वर टाका. फोटोवरून दरवेळी जात कळेलच असं नाही, ते वर पाहिलंच. पण कोणता गट कुठे, कोणत्या महिन्यात दिसतो, हे अशा नोंदींतूनच उलगडतं.

अभयारण्यातून मात्र किडे उचलून आणू नका. तिथे परवानगी लागते, आणि ती अभ्यासकांनाही घ्यावी लागते.

मुलांना सुट्टीत एक वही द्या. पानावर चित्र आणि खाली तीन ओळी : कुठे, कधी, कोणी पाहिलं. नावाची जागा कोरी सोडायला सांगा. कोऱ्या जागेची लाज वाटू देऊ नका. मोठमोठ्या संग्रहालयांतल्या पेट्यांत आजही अशा कोऱ्या जागा आहेत. त्या भरणारं कोणीतरी या वाचकांच्या घरांतूनच निघालं, तर बारशाच्या घुगऱ्या आपण सगळे मिळून खाऊ.

तुमच्याकडे भुंगेऱ्याला काय म्हणतात, ते जरूर कळवा. नागपूरचं नाव वेगळं असेल, बडोद्याचं वेगळं, तंजावरचं आणखी वेगळं. जमली तेवढी नावं पुढच्या वेळी इथेच वाचू.